‘ली’ लावणारे भावोजी

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान नोकरीला लागण्याच्या कितीतरी आधी इंग्रज हा देश सोडून गेले, हे इंग्रजांचं नशीब. नाहीतर भावोजींनी त्यांना त्यांचंच इंग्रजी शिकवून इतकं बेजार केलं असतं, की उपोषणं, मोर्चे, तुरुंगवास यांतलं काही करायची वेळच आपल्यावर आली नसती. इंग्रजी भाषेत म्हणे लाखांनी शब्द आहेत आणि नियमांना तर गणतीच नाही. भावोजींना त्यांतला एक नियम येत होता. पण तो एक त्यांना असा काही येत होता, की बाकीचे न येण्याची उणीव त्यांना स्वतःला कधी जाणवली नाही आणि दुसऱ्या कुणी ती जाणवून देण्याची छाती केली नाही. मी तर नाहीच केली. मी डहाणू रोडच्या टपाल कचेरीतला कारकून. माझं इंग्रजी छापील फॉर्मच्या चौकटीबाहेर कधी पडलं नाही. शिवाय दर रविवारी मी ताईकडे जेवायला असतो, आणि तिच्या हातचं कालवण बुडवून घेण्याइतका मी व्याकरणाचा भक्त नाही.

भावोजी मूळचे कैनाडचे, शेतकरी घरातले, घराण्यातले पहिले पदवीधर. पदवी भूगोलाची. तलासरीच्या पुढच्या एका शाळेत ते भूगोल शिकवायला लागले आणि पहिली काही वर्षं त्यांनी सुखानं नद्या, डोंगर आणि मोसमी वारे शिकवले. पण त्या शाळेत इंग्रजीचा शिक्षक टिकत नसे. जो येई तो बदलीचा अर्ज खिशात घेऊनच येई. असा तिसरा की चौथा शिक्षक निघून गेल्यावर मुख्याध्यापकांनी भावोजींना बोलावून घेतलं आणि म्हणाले, "तुमचं अक्षर चांगलं आहे. इंग्रजी तुम्ही घ्या." या एवढ्या पात्रतेवर भावोजींनी पुढे बावीस वर्षं इंग्रजी शिकवलं. ताई सांगते, सुरुवातीला ते फार घाबरले होते. इंग्रजीचा तास असला की डबा तसाच परत यायचा. मग एके दिवशी त्यांना विशेषण आणि क्रियाविशेषण यांतला फरक समजला. बुडत्याच्या हाती ओंडका लागावा तसे ते त्या फरकाला बिलगले, ते किनारा आला तरी सोडायला तयार होईनात.

"नामाबद्दल सांगतं ते विशेषण, क्रियापदाबद्दल सांगतं ते क्रियाविशेषण." हे वाक्य ते अशा आवाजात म्हणत, की आता फक्त आरती तेवढी उरली आहे असं ऐकणाऱ्याला वाटावं. "चिकू कसा? स्वीट. हे विशेषण. बाई तो विकते कशी? स्वीटली. हे क्रियाविशेषण. विशेषणाला ली लावा आणि सुटा!" मराठीवर त्यांचा राग होता तो याच कारणानं. मराठीत 'छान मुलगी' म्हणा की 'छान गाते' म्हणा, छान ते छानच. 'हळू आवाज' असो की 'हळू चाल' असो, हळू जागचं हलत नाही. "कोण कुणाचं काम करतंय याचा पत्ता नाही," ते तुच्छतेनं म्हणत, "सरकारी कचेरीसारखी आहे आपली भाषा." हे म्हणताना ते माझ्याकडे बघत. इंग्रजीत मात्र शिस्त. तिथं क्रियापदाच्या दारात उभं राहायचं तर लीचा बिल्ला छातीवर लावूनच.

दोन हजार चौदा साली ते निवृत्त झाले आणि डहाणू रोडच्या घरी कायमचे राहायला आले. वर्गातली मुलं सुटली म्हणून त्यांनी सगळं गाव पटावर घेतलं. औषधाच्या दुकानातला माणूस म्हणाला, "काका, ही गोळी क्विक काम करते," तर हे पैसे हातात तसेच धरून म्हणणार, "क्विकली." आणि त्याच्याकडून ते वदवून घेतल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत. एकदा शेजारच्या आळीत एक गृहस्थ वारले. आम्ही दोघं भेटायला गेलो. मुलगा खाली मान घालून बसला होता. म्हणाला, "काही कळलंच नाही हो काका. पप्पा एकदम सडन गेले." भावोजींचे डोळे खरोखरच पाणावले होते. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, घसा साफ केला आणि गहिवरून म्हणाले, "सडनली." त्या बिचाऱ्याला ते सांत्वन वाटलं. तो भावोजींच्या गळ्यात पडून रडला. मी जोड्यांत पाय घालायला सर्वांच्या आधी बाहेर आलो.

पण त्यांचा खरा पराक्रम अच्छाडचा. तिथं गुजरातच्या हद्दीवरच्या नाक्याजवळ एका ढाब्याच्या मालकानं ट्रकवाल्यांसाठी हौसेनं इंग्रजी पाटी रंगवून घेतली होती : ड्राइव्ह स्लो, ईट फास्ट. एका लग्नाहून परत येताना आम्ही तिथं चहाला थांबलो आणि ती पाटी भावोजींच्या दृष्टीस पडली. चहा तसाच निवला. आठ दिवसांनी ते रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन एस.टी.नं पुन्हा अच्छाडला गेले आणि मालकाच्या देखत त्यांनी दोन्हीकडे ली चिकटवली. ड्राइव्ह स्लोली, ईट फास्टली. अक्षर खरोखरच चांगलं. मूळ रंगाऱ्यानंही लाजावं असं. मालक खालून बघत होता. "मास्टरजी, ये ली क्या है?" त्यानं विचारलं. "क्रियाविशेषण," भावोजी शिडीवरून म्हणाले. "अच्छा," मालक म्हणाला, "उसका अलग पैसा तो नहीं ना?" त्यानंतर म्हणे तिथले ड्रायव्हर 'दाल फ्राय, फास्टली' अशी ऑर्डर देऊ लागले. भावोजींनी ही हकीकत मला चार वेळा सांगितली. फास्टली हा शब्द मी कुठे वाचल्याचं मला आठवेना. पण चारही वेळा रविवार होता आणि ताईनं पापलेट केलं होतं.

घराच्या पडवीत त्यांनी इंग्रजी संभाषणाचा वर्ग काढला. फी नाही म्हणून मुलं येत आणि ली आहे म्हणून जात. टिकली ती एकच, हर्षदा. तिची आई जनामावशी ताईकडे मासळी घालते. नवरा बोटीवर, ही बोंबील सुकवून विकणार, आणि पोरगी बारावी पास होऊन घरात. एके दिवशी टोपली पडवीत उतरवून जनामावशी म्हणाली, "मास्तर, हिला इंग्रजी बोलायला शिकवा. हिला ऑफिसात बसायचंय. माझ्यासारखी उन्हात नको."

हर्षदा हुशार होती, आणि हुशार विद्यार्थ्यांचा भावोजींना फारसा सराव नव्हता. ती सगळं वहीत उतरवून घेई आणि दुसऱ्या दिवशी त्यावर विचार करून येई, ही सवय तर त्यांना अगदीच नवी. एका रविवारी मी पडवीतच पेपर वाचत बसलो होतो. तिनं विचारलं, "सर, फ्रेंडली डॉग म्हणतात ना? त्यात फ्रेंडलीला ली आहे. पण ते तर कुत्र्याबद्दल सांगतंय. कुत्रा नाम आहे. मग फ्रेंडली विशेषण झालं ना?"

मी पेपर थोडा खाली घेतला. भावोजींनी चष्मा काढला, पुसला, लावला. म्हणाले, "कुत्र्याच्या बाबतीत नियम शिथिल आहे."

हर्षदानं ते वहीत लिहून घेतलं.

दोन हजार सतरा साली तलासरीच्या बाजूला एका कारखान्याच्या ऑफिसात सहायक म्हणून मुली हव्या होत्या. हर्षदाला मुलाखतीचं बोलावणं आलं आणि भावोजींच्या अंगात वारं शिरलं. पंधरा दिवस त्यांनी तिच्याकडून एक वाक्य घोटून घेतलं. त्या वाक्यावर त्यांनी स्वतः तीन दिवस मेहनत केली होती आणि ते ऐकून मुलाखत घेणारे खुर्चीतून उठतील, अशी त्यांची खात्री होती. वाक्य असं : आय वर्क हार्डली, आय लर्न फास्टली, अँड आय नेव्हर कम लेटली. तीन क्रियापदं, तीन ली. ताई भाजी चिरताना ते पुटपुटू लागली. जनामावशीला अर्थ कळत नव्हता, पण लय आवडली होती. टोपली डोक्यावर घेऊन जाताना तीही म्हणे.

मुलाखतीच्या दिवशी हर्षदा दुपारी परत आली ती घरी न जाता सरळ पडवीत. मी जेवणाच्या सुट्टीत तिथंच होतो. चप्पल न काढताच ती पायरीवर बसली.

"काय झालं?" भावोजींनी विचारलं. "वाक्य म्हणालीस ना?"

"म्हणाले."

"मग?"

"हसले, सर. तिघंही हसले. एक जण म्हणाला, खरं बोलल्याबद्दल थँक यू. आणि म्हणाला, तुम्ही जाऊ शकता." तिनं चपलेचा पट्टा उगाच ओढला. "बाहेर आल्यावर दुसरी एक मुलगी म्हणाली, हार्डली म्हणजे काम करतच नाही."

"हसले म्हणजे त्यांनाच येत नाही," भावोजी कडाडले. "आजकाल कारखान्यात कुणालाही खुर्ची देतात. उद्या मी जातो. तू घाबरू नकोस." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू रजा टाक."

मी रजा टाकली. खोटं कशाला सांगू, मला गंमत बघायची होती. वीस-पंचवीस वर्षं मी ज्या क्षणाची वाट बघत होतो तो जवळ आल्याचा वास मला आला होता.

कारखान्याच्या दारावरच्या पहारेकऱ्याला भावोजींनी सांगितलं, "व्याकरणासंबंधी भेटायचं आहे." त्यानं आत फोन लावला आणि काय सांगावं हे न कळून 'दोन म्हातारे आलेत' एवढंच सांगितलं. आम्हाला एका लहानशा खोलीत बसवलं. नोकरभरतीचं काम बघणारी बाई आली. बाई कसली, सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी. तिनं पाणी मागवलं, चहा मागवला आणि भावोजींचं सगळं म्हणणं मध्ये न बोलता ऐकून घेतलं. हार्ड हे विशेषण कसं, वर्क हे क्रियापद कसं, आणि म्हणून मध्ये ली येणं कसं अटळ आहे, हे त्यांनी तिच्याच टेबलावरच्या कागदावर लिहून दाखवलं.

"सर," ती म्हणाली, "नियम बरोबर आहे तुमचा. पण काही शब्द त्यात बसत नाहीत. हार्ड दोन्हीकडे हार्डच राहतं. वर्क हार्ड. फास्टही तसंच, फास्टली असा शब्दच नाही. आणि लेटली म्हणजे उशिरा नाही, अलीकडे."

"आणि हार्डली?"

"हार्डली म्हणजे जवळजवळ नाहीच, सर."

तिनं शब्दकोश उघडून त्यांच्यापुढे ठेवला. भावोजींनी वाचलं. बोट ठेवून पुन्हा वाचलं. पान उलटून पुढचं वाचलं, जणू पुढे कुठेतरी हे मागे घेतलेलं असेल. मग अगदी हळू विचारलं, "हे तुम्हाला कितवीत शिकवलं?"

"सातवीत," ती म्हणाली, आणि म्हटल्याबरोबर तिला वाईट वाटलं, हे मला दिसलं.

मी हसायच्या तयारीत होतो. हसू आलं नाही. भावोजींनी शब्दकोश मिटून दोन्ही हातांनी तिच्याकडे सरकवला आणि म्हणाले, "मॅडम, चूक त्या मुलीची नाही. मी शिकवलं ते ती बोलली. तिला परत एकदा बोलवा."

"जागा काल संध्याकाळीच भरली, सर. मला खरंच वाईट वाटतंय."

बाहेर आल्यावर आम्ही तलासरीच्या नाक्यापर्यंत चालत गेलो. मी दोनदा काहीतरी बोलायला सुरुवात केली आणि दोन्ही वेळा त्यांनी हात वर केला. डहाणू रोडला उतरल्यावर मला वाटलं, आता घरी जातील आणि पांघरूण घेऊन पडतील. पण ते समुद्राच्या बाजूला वळले. "चल," एवढंच म्हणाले.

जनामावशीच्या घरापुढे बांबूवर बोंबील वाळत घातले होते. ती आणि आणखी दोन बायका खाली सांडलेले वेचत होत्या, हर्षदा दारात बसली होती. भावोजी अंगणात उभे राहिले आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा स्पष्ट आवाजात म्हणाले, "जनाबाई, मी तुमच्या मुलीला चुकीचं शिकवलं. माझ्यामुळे तिची नोकरी गेली. हार्डली म्हणजे काम न करणं. ते मला माहीत नव्हतं."

जनामावशीनं क्षणभर विचार केला. "म्हणजे पोरगी तिथं सांगून आली, की मी कामच करत नाही?"

"तसंच."

"मग मास्तर, ती खोटं कुठे बोलली? घरात विचारा की!"

त्या दोन बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसलो, कारण दिवसभराचं अडलेलं होतं. जनामावशी लगेच चहाचं बघायला आत गेली. तिच्या दृष्टीनं विषय संपला होता. हर्षदा मात्र हसली नाही. ती उठून भावोजींच्या समोर आली आणि म्हणाली, "सर, मी तुम्हाला विचारलं होतं. फ्रेंडलीचं विचारलं तेव्हा. तुम्ही तेव्हाच पुस्तक उघडून बघायला हवं होतं."

एवढ्या मोठ्या माणसाला इतकं सरळ कुणी बोलल्याचं मी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता यांचा आवाज चढणार. पण भावोजी म्हणाले, "हो." दुसरं काही नाही. त्यांच्या तोंडून एका अक्षराचं उत्तर मी तोवर ऐकलं नव्हतं.

पंधरा दिवस हर्षदा आली नाही. भावोजींनी मुंबईहून येणाऱ्या एका भाच्याकडून जाडजूड शब्दकोश मागवला आणि एकटेच वाचत बसले. सोळाव्या दिवशी ती आली. वही उघडून म्हणाली, "आता मी वाचते, तुम्ही लिहा." त्यानंतर वर्षभर त्या पडवीत हा उलटा वर्ग चालला. ती अपवाद वाचून दाखवी आणि हे आपल्या सुंदर अक्षरात उतरवून घेत. मधूनमधून ते कळवळून म्हणत, "हाही?" आणि ती निर्दयपणे म्हणे, "हाही, सर." पुढच्या वर्षी तिला डहाणू रोडच्याच एका खाजगी दवाखान्यात काउंटरवर नोकरी लागली. तिथं इंग्रजीचा एक शब्दही कुणी विचारला नाही. गुजराती येतं का, एवढंच विचारलं. ते तिला आईबरोबर मासळी विकताना लहानपणापासून येत होतं. या निकालावर भावोजींनी काहीही मत दिलं नाही.

पण त्यांच्या मनातून आपली चूक गेली नव्हती. बावीस वर्षांत आपल्या हाताखालून गेलेल्या मुलांची आठवतील तेवढी नावं त्यांनी एका वहीत लिहून काढली आणि आठवड्यातून एकदा तलासरीची गाडी पकडून ते एकेकाला गाठू लागले. कुठला पाडा, कुठली वीटभट्टी, कुठलं दुकान, पत्ता काढत हिंडायचे. ताईला काळजी वाटे म्हणून दोन हजार एकोणीसच्या हिवाळ्यात एकदा मी बरोबर गेलो. त्यांचा एक जुना विद्यार्थी हायवेवर टायरची पंक्चर काढण्याचं दुकान चालवत होता. चांगला तिशी ओलांडलेला, काळाभोर, हात ग्रीसनं माखलेले. भावोजींना बघताच धावत आला, पण हात खराब म्हणून पायांना कोपरांनीच शिवला.

भावोजी म्हणाले, "अरे, मी एक चुकीचं शिकवलं होतं तुम्हाला. इंग्रजीत. ते सांगायला आलोय."

तो गोंधळला. "इंग्रजी? सर, तुम्ही इंग्रजी शिकवायचात?"

"आठवी ते दहावी. तीन वर्षं."

"नाही हो सर, इंग्रजीला दुसरे कुणीतरी होते." त्यानं खूप आठवून पाहिलं. मग एकदम चेहरा उजळला. "तुम्ही शनिवारी आमची नखं कापायचात! ओळीत उभं करून. एवढं आठवतं. माझं एकदा रक्त निघालं तर तुम्हीच फुंकर मारत बसला होता." आणि त्यानं आपली दहाही बोटं पुढे करून दाखवली. नखं कुठली दिसायला, सगळं काळंच होतं. तो मोठ्यानं हसला. आम्हाला थंड पेय पाजल्याशिवाय त्यानं सोडलं नाही.

परत येताना आम्ही टमटमची वाट बघत रस्त्याच्या कडेला उभे होतो. ट्रकमागून ट्रक जात होते. वहीतली सोळा नावं भेटून झाली होती आणि सोळाही जणांची तऱ्हा थोड्याफार फरकानं हीच होती, असं भावोजींनी मला सांगितलं. कुणाला नखं आठवत होती, कुणाला सहल. क्रियाविशेषण कुणालाही आठवत नव्हतं. आयुष्यभर ज्या माणसाची मी मनातल्या मनात टर उडवली, त्याला बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, "मग चांगलंच झालं की, भावोजी. कुणाचंच नुकसान नाही झालं."

"नाही कसं?" ते म्हणाले. "बावीस वर्षांत आणि त्यानंतरही माझं मनापासून एकीनंच ऐकलं. तिचं झालं."

टमटम आली. आत आधीच सात माणसं होती. भावोजी कसेबसे आत शिरले, अंग चोरून बसले आणि शेजारी चार बोटं जागा करून मला म्हणाले, "ये, मावशील."